कोरडा बंब

“हात कुणाचा हाय हो हा?” बंबाच्या उभ्या सांध्यावरून अंगठा फिरवत सोनबाआप्पांनी विचारलं आणि माझी सकाळ नासली. तोवर ती बरी चालली होती. रविवार होता, फेब्रुवारीतलं कोवळं ऊन घरामागच्या फरशीवर आलं होतं, आणि अंथुर्ण्याहून बोलावलेला हा म्हातारा वेल्डर आमच्या पाणी तापवायच्या बंबाला आज एकदाचा मोडीत काढणार, या खात्रीनं मी न्हाणीघरात गीझरची जागासुद्धा मनाशी ठरवून ठेवली होती. महिनाभर बंबाची तोटी गळत होती. आप्पांनी ती बघायची, मान हलवायची आणि ‘नवीन घ्या’ म्हणायचं, एवढंच काय ते बाकी होतं. पण ते तोटी सोडून सांधाच कुरवाळत बसले. “आर्गॉनचं असलं वेल्डिंग आता बगाया मिळत न्हाय,” ते म्हणाले. “माशाच्या खवल्यागत एकावर एक बसवलंय बगा. कुठं चालू झालं आन् कुठं संपलं, घावत न्हाय.” प्रियदर्शनी, माझी बायको, चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. “सोनलच्या पप्पांचा हाय,” ती म्हणाली. आप्पा गुडघ्यावर हात टेकत उठले आणि माझ्याकडं वळले. त्यांचा चेहरा एकदम बदलला. इतका वेळ मी त्यांच्या दृष्टीनं नुसता इस्त्रीच्या शर्टातला घरमालक होतो. “आन् साहेब, तुमी मगाधरनं गप हुबं व्हय? सांगायचं तरी! कुठल्या कारखान्यात व्हता?”

सोनलचे पप्पा म्हणजे दीपक. प्रियदर्शनीचा पहिला नवरा, वालचंदनगरला वेल्डर होता, पंधरा वर्षांपूर्वी गेला. मी बुद्धघोष, तिचा दुसरा नवरा. सोनल मला बाबा म्हणते. पप्पा म्हटलं की तो. एवढं सांगायला कितीसा वेळ लागतो? अनोळखी लोकांना हे मी पन्नास वेळा सांगितलं असेल, हसतमुखानं, मोठ्या मनाचा माणूस दिसावं अशा बेतानं. पण आप्पांच्या डोळ्यांत ते जे काही आलं होतं ना, कारागिरानं कारागिराकडं बघावं तसं, ते माझ्याकडं आजवर कुणाच्याच डोळ्यांत आलं नव्हतं. मला ते सोडवेना. “वालचंदनगरला,” मी म्हणालो. “वाटलंच,” आप्पा म्हणाले, “तितलीच माणसं असं काम करणार.” आणि त्यांनी माझा हात हातात घेऊन दाबला. ट्रेमधला कप बशीत किंचित वाजला. प्रियदर्शनीनं आधी आप्पांना चहा दिला, मग मला. माझ्याकडं बघितलं, म्हणजे एरवी जेवढं बघते तेवढंच बघितलं, आणि ‘दूध उतू जाईल’ असं काहीतरी पुटपुटत आत गेली. आप्पांनी तोटी काढली, तिच्या बुडाचा गंजलेला सॉकेट कापून नवा बसवला, साडेचारशे रुपये घेतले. “बॉडीला काय बी झाल्यालं न्हाय,” जाताना म्हणाले. “अजून तीस वर्सं जाईल. तुमाला काय सांगायचं म्हना, तुमचीच करणी.”

तीस वर्षं. मी चोपन्न वर्षांचा आहे. म्हणजे मी गेल्यावरही तो तिथं उभा असणार, पेरूच्या झाडाखाली, पोट पुढं काढून, आणि सकाळी सकाळी धूर सोडणार. या सगळ्यातली गंमत अशी की दुरुस्ती करायची की वस्तू मोडीत काढायची, हे ठरवणं हाच माझा धंदा आहे. मी विम्याचा सर्व्हेअर आहे. बारामती, इंदापूर, दौंड, तिन्ही तालुक्यांत ठोकलेल्या, उलटलेल्या, जळालेल्या गाड्या मी बघतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या पाऊणपट झाला की गाडीवर पैसे घालायचे नाहीत, सरळ भंगार. वय मोजायचं, घसारा काढायचा, सुट्या भागांचे भाव मांडायचे. त्यात भावनेला जागा नसते. लोक येतात, म्हणतात, ‘साहेब, वडलांची गाडी हाय, कायतरी करा.’ मी म्हणतो, वडलांची असेल हो, पण चॅसी वाकलीय. या हिशेबानं आमच्या बंबाची किंमत कधीच शून्य झालेली आहे. वीस वर्षांचा माल. शून्य किमतीच्या वस्तूवर साडेचारशे काय, चार रुपये घालणंही चूक. हे मी प्रियदर्शनीला दोन-तीनदा समजावून सांगितलं होतं, कागदावर सुद्धा मांडून दाखवलं होतं: लाकूडफाटा एवढा, वीज एवढी, आजूबाजूच्या सगळ्या बंगल्यांवर सोलर आलेत, शेजारच्या वल्लरीवहिनींच्या वाळत घातलेल्या कपड्यांना रोज आपल्या धुराचा वास लागतो. तिनं सगळं ऐकून घेतलं. ती ऐकून नेहमीच घेते. “पण त्याला झालंय काय?” असं विचारलं तिनं शेवटी. आणि खरंच त्याला काहीही झालेलं नव्हतं, हेच तर दुखणं होतं.

ती पहिल्यांदा मला भेटली तेव्हाही हेच विचारत होती. दीपक कामावरून सुटून येताना जंक्शन गावाच्या अलीकडं उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता, बैलगाडीला असतो तसला एक लाल कागदही नव्हता. त्याच्या मोटारसायकलचा दावा माझ्याकडं आला. पोलीस ठाण्याच्या आवारात चिंचेखाली ती गाडी पडली होती, आणि गाडीशेजारी पांढऱ्या साडीतली एक बाई कागदांची पिशवी छातीशी धरून उभी होती. मी फोटो काढले, इंजिनाचा नंबर घासून घेतला. “दुरुस्त न्हाय का व्हायची?” तिनं विचारलं. मी गाडीकडं बघतच म्हणालो, “बाई, ह्याच्यावर पैसे घालू नका. ही गेलेली आहे.” मग वर बघितलं आणि आपण काय बोललो ते माझ्या ध्यानात आलं. ती रागावली नाही, रडली नाही. ‘बरं’ म्हणाली. त्या ‘बरं’साठी मी पुढं चार वर्षं तिच्या मागं होतो, आधी दाव्याच्या निमित्तानं, मग सोनलच्या शाळेच्या, मग विहारातल्या कार्यक्रमांच्या, आणि शेवटी निमित्त न सांगता. लग्न झालं तेव्हा मी त्रेचाळीसचा होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याआधी उठून माझ्यासाठी पाणी तापवत होतं. सुरुवातीला मला ते पाणी कुठल्या भांड्यातून येतंय, ह्याच्याशी कर्तव्य नव्हतं. महिनाभरानं सोनलनं न्हाणीघराच्या दाराबाहेरून सांगितलं. नऊ-दहा वर्षांची होती. “बाबा, मी जन्मले ना, तेव्हा थंडी होती म्हणून पप्पांनी हा बंब केला. लिलावातला पत्रा आणून. सुट्टीच्या तीन दिवसांत.” मी अंगाला साबण लावत होतो. ऐकलं, आणि अंगावरून ओघळणारं पाणी एकदम दुसऱ्याचं झालं.

फोटो असता तर बरं झालं असतं. दीपकचा एखादा फोटो भिंतीवर असता, तर मी मोठ्या मनानं त्याला हार घातला असता, चौदा एप्रिलला पुसून ठेवला असता, आल्यागेल्याला ओळख करून दिली असती. फोटोशी माणूस बरोबरी करू शकतो. फोटो म्हातारा होत नाही हे खरं, पण तो पाणीही तापवत नाही. पण ह्या घरात येताना प्रियदर्शनीनं फोटो पेटीत ठेवून दिला होता. मी सांगितलेलं नव्हतं. कुणीच सांगितलेलं नव्हतं. कारखान्याच्या क्वार्टरमधली भांडी वाटून टाकली, पलंग विकला, आडनाव बदललं, वालचंदनगर सोडून बारामतीला आली, इथल्या कॉलेजात लॅबमध्ये नोकरी धरली. बंब तेवढा टेम्पोत टाकून आणला. सकाळी पाचला उठून ती मागच्या दारी जाते, आणि पेटवायच्या आधी बंबाच्या पोटावर बोटांच्या पेरांनी दोनदा टक टक करते. भरलेला बंब बद्द वाजतो, रिकामा खणखणतो. दीपकनं घालून दिलेला नियम आहे तो. दुसरा नियम असा की ज्यानं गरम बादली घेतली, त्यानं वरच्या तोंडातून तेवढीच गार बादली ओतायची, म्हणजे बंब कधी कोरडा पडत नाही आणि मागच्याला पाणी मिळतं. सोनल पाच वर्षांची असल्यापासून तांब्यातांब्यानं ओतायची. मी अकरा वर्षांत एकदाही ओतलेली नाही. विसरलो असं सांगतो. माझ्यामागून प्रियदर्शनी निमूट ओतते. पण ती टक टक! अंथरुणात पडल्या पडल्या मी ती रोज ऐकतो. कुणाच्या तरी दारावर हलकेच वाजवावं तशी ती वाजवते, आणि तिला रोज आतून उत्तर मिळतं. इतक्या वर्षांत असं तिनं मला कधी उठवलेलं नाही. मला ती ‘अहो, सात वाजले’ म्हणून उठवते.

आप्पा आले त्या रविवारनंतर चार दिवस प्रियदर्शनी त्या विषयावर एक शब्द बोलली नाही. मी वाट बघत होतो. तिनं विचारावं, ‘असं का सांगितलंत?’ म्हणजे मी चिडून काहीतरी बोललो असतो आणि दोघं मोकळे झालो असतो. ती आमटीत मीठ कमी आहे का विचारत होती. नवी तोटी थेंबभरही गळत नव्हती. गुरुवारी पुण्याहून सोनलचा फोन आला; ती इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, “काय बाबा, आजकाल वेल्डिंग शिकलात म्हणे?” आणि खळखळून हसली. तिच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. “आई सांगताना इतकी हसत होती!” इतकी हसत होती. म्हणजे माझ्यासमोर चार दिवस तोंड मिटून बसलेली बाई फोनवर लेकीपाशी हसत होती, आणि त्या हसण्यात त्या दोघी होत्या आणि तो होता. तिघांचं घर होतं ते, क्वार्टरमधलं, आणि मी खिडकीबाहेर उभा होतो. मी पण हसलो. “अगं, आप्पांचा गैरसमज झाला, मी कशाला मोडू,” असं म्हणालो. फोन ठेवल्यावर मी गीझरच्या दुकानातून आणलेलं दरपत्रक काढलं आणि बसून वाचलं. पंचवीस लिटर, पाच वर्षांची हमी. पाच वर्षांची! त्याच्या नुसत्या हातावर एक अनोळखी माणूस तीस वर्षांची हमी देऊन गेला होता.

पुढच्या रविवारी प्रियदर्शनी वडगाव निंबाळकरला बहिणीकडं गेली. भाचीच्या मुलाचं बारसं होतं. मला साइटवर जायचंय असं मी सांगितलं. ती साडेआठच्या एसटीनं गेली. नऊ वाजता मी मागच्या दारी जाऊन तोटी सोडली. हे आपण का करतोय, असं मी स्वतःला विचारलं नाही; बादली भरली की पेरूच्या बुंध्यात ओतायची, एवढंच बघत होतो. चार बादल्या झाल्या, मग नुसती धार, मग थेंब. मी पेरांनी दोनदा वाजवलं. खण्ण खण्ण. मग मधल्या नळ्यात मक्याची बुरकुंडं टाकली, वर बाभळीच्या चार ढलप्या, आणि पेटवलं. पाणी असलं की बंब गुणगुणतो, म्हातारी माणसं जप करतात तसा. आता तो गप्प होता. मग तडतडू लागला. स्टीलचा बुडाकडचा रंग आधी पिवळसर झाला, मग तांब्यासारखा, आणि मग त्यातून निळा चढत गेला. जांभळट निळा, भर उन्हात इतका सुंदर की मी बघतच राहिलो. जळालेल्या गाड्यांवर असला निळा मी शेकडो वेळा पाहिलाय. मालक सांगतात, ‘साहेब, आपोआप पेटली.’ मी त्या निळ्याकडं बोट दाखवतो आणि म्हणतो, आपोआप एवढं तापत नाही. माझ्या अहवालामुळं चार जणांचे दावे बुडालेत. आता मीच गार पाण्याची बादली उचलली आणि वरच्या तोंडातून सगळी एकदम ओतली. वाफेचा लोट छातीवर आला, आणि त्यातून ठाण्ण असा एकच आवाज. खालची राख फसफसून भिजली. मला वाटलं होतं की बरं वाटेल. क्षणभर वाटलंही, नाही म्हणत नाही. मग मी बघितलं तर त्याचा उभा सांधा जसाच्या तसा होता. फुटला होता तो आतला नळा, बुडापाशी, पत्र्यातून. त्याच्या हातानं केलेलं काहीच सुटलं नव्हतं.

ती दुपारी चारला आली, पिशवीत बारशाच्या घुगऱ्या घेऊन. “बंब गळतोय,” मी वर्तमानपत्रातून म्हणालो. ती मागं गेली. टक टक. मी पानं उलटत होतो आणि कान तिकडं होते. आता येईल, आता विचारेल. माझ्याकडं उत्तर तयार होतं: पेटवून ठेवला, म्हटलं तू येशील तर गरम पाणी असावं, लक्षात राहिलं नाही. निम्म्याहून अधिक खरं वाटेल असं उत्तर. ती आली, घुगऱ्यांची वाटी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, “उद्या रजा टाकते. आप्पांकडं नेऊ.” “आता कशाला?” मी म्हणालो. “आता नवीनच घेऊ ना.” ती म्हणाली, “बगू तर आधी, काय म्हनत्यात ते.” 

सोमवारी सकाळी बंब आमच्या कारच्या मागच्या सीटवर आडवा झाला. डिकीत मावेना. तिनं खाली जुनी चादर घातली आणि वळणावर घरंगळू नये म्हणून त्याला सीटबेल्ट लावला. मी आरशात बघितलं की तो. अकरा वर्षांत आम्ही तिघं एका गाडीत पहिल्यांदाच बसलो होतो. भवानीनगर गेलं, उसाच्या ट्रॉल्या लागल्या, एकीला लागून एक. लासुर्णे आलं की ती बोलायची थांबते, हे मला ठाऊक आहे. जंक्शन गेल्याशिवाय तोंड उघडत नाही. मी कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही. दर वेळी त्या सहा-सात किलोमीटरमध्ये मी तिच्या गप्प बसण्याशी भांडत असतो. त्या दिवशी मात्र मला वाटलं, ती बोलत नाहीये ते मागच्या सीटवरचं ऐकू यावं म्हणून. एका ट्रॉलीमागं मी उगीचच जास्त अंतर ठेवून राहिलो. “घ्या की पुढं,” जंक्शन गेल्यावर ती म्हणाली, “मोकळाय रस्ता.”

आप्पांचं वर्कशॉप अंथुर्ण्याच्या अलीकडं रस्त्याला लागूनच आहे; पत्र्याची शेड, समोर नांगराचे फाळ, दुधाच्या किटल्या, कडुनिंबाखाली एक बाकडं. त्यांनी बंब उतरवून घेतला, उजेडाकडं फिरवला आणि त्या निळ्यावर त्यांची नजर थांबली. ती तिथंच थांबणार हे मला माहीत होतं. मीही तिथंच थांबवली असती. “कोरडा पेटवलाय,” ते म्हणाले. मग आत बॅटरी मारून बघितलं. “आन् तापल्याव गार पानी वतलंय.” वर बघून त्यांनी मला विचारलं, खरोखरच नवल वाटून विचारलं, “साहेब, असं कसं झालं वो? नवख्या मानसाचं समजू शकतो. ज्यानं सोताच्या हातानं केला, त्याला ह्ये म्हाईत न्हाय?” अडाणीपणाची सबब सांगायची तर मी बंब केलेला नाही, आणि बंब मी केला असेल तर अडाणीपणाची सबब नाही. “माझ्याकडनं झालं,” प्रियदर्शनी म्हणाली. “मीच पेटवला. ध्यान ऱ्हायलं न्हाय.” रोज पहाटे दोनदा वाजवणारी बाई. त्या दिवशी बारामतीत नसलेली बाई. ती सरळ आप्पांच्या डोळ्यांत बघून खोटं बोलली, आणि मला तेव्हा कळलं की तिला पहिल्यापासून, घुगऱ्यांच्या वाटीच्याही आधीपासून, सगळं ठाऊक होतं.

“नळा बदलावा लागंल,” आप्पा म्हणाले. “नवा पाईप, आर्गॉन, मजुरी, समदं मिळून अडतीसशे. आन् बाजारात नवा बंब सा-साडेसा हजाराला येतोय. पत्रा पातळ असतोय, पन येतोय. करायचा का मोडीत घालायचा, तुमी सांगा.” प्रियदर्शनी म्हणाली, “ह्यांना इचारा. ह्यांचं कामच हाय त्ये.” तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती चिंचेखाली उभी होती तशीच उभी होती, पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून, आणि मी सांगेन ते ऐकायला तयार होती. मी ‘मोडीत’ म्हणालो असतो तर तिनं ‘बरं’ म्हटलं असतं. आणि ते चूकही नव्हतं. वीस वर्षांची वस्तू, अडतीसशे खर्च, कुठल्याही अहवालात मी हेच लिहिलं असतं आणि खाली शिक्का मारला असता. इतक्या वर्षांचा मत्सर एका प्रामाणिक सल्ल्यात बसत होता. मला फक्त तोंड उघडायचं होतं. “दुरुस्त करा,” मी म्हणालो. 

“मंग या,” आप्पा म्हणाले आणि आतून वेल्डिंगची टॉर्च, चामड्याचे मोजे आणि तोंडावर घ्यायची काच घेऊन आले. “नळा मी कापून देतो. सांधा तुमीच मारा. कारागीर समोर हुबा आसताना त्याच्या कामाव मी हात मारायचा, बरं न्हाय दिसत.” ते चेष्टा करत नव्हते. त्यांनी स्वतःचं स्टूल पुढं सरकवलं आणि फडक्यानं पुसलं. मी बसलो. का बसलो, देव जाणे. उठून सांगणं त्याहून अवघड वाटलं असावं. मोजे हाताला मोठे झाले. टॉर्च हातात आली; अपेक्षेपेक्षा हलकी होती, आणि ती कशी धरायची हे सुद्धा मला माहीत नव्हतं. आप्पांनी काच माझ्या तोंडावर खाली ओढली. एकदम काळोख झाला. बाहेर उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याची गाणी गेली. घामाचा आणि जुन्या लोखंडाचा वास येत होता, दुसऱ्याच्या श्वासाचा. दीपक रोज आठ तास ह्या काळोखात बसायचा. इथं बसून तो काय बघत असेल? घरी थंडीत कुडकुडणारी तान्ही पोर, चूल फुंकणारी बायको? माझ्यासमोर काहीच नव्हतं. मी त्या काचेआडूनच बोललो, कारण उघड्या तोंडानं मला बोलता आलं नसतं. “आप्पा, हात माझा नाही. दीपकचा आहे. हिचे पहिले मालक. मी आयुष्यात कधी वेल्डिंग केलेलं नाही.” आणि मग, थांबता येईना म्हणून, “कोरडाही मीच पेटवला. मुद्दाम.” 

तिच्यासमोर त्याचं नाव मी पहिल्यांदाच घेतलं होतं. काच वर केली तेव्हा आप्पा माझ्याकडं बघत नव्हते. त्यांनी माझ्या हातातली टॉर्च काढून घेतली, मोजे घेतले, आणि म्हणाले, “सरका मंग.” एवढंच. हस्तांदोलनातला तो हात परत मिळणार नव्हता, हे उघड होतं. मी बाहेर येऊन बाकड्यावर बसलो. प्रियदर्शनी बाजूला येऊन बसली, मध्ये पिशवी ठेवून. आत नळा कापायचा कर्कश आवाज सुरू झाला. तो थांबला तेव्हा ती बोलायला लागली, रस्त्याकडं बघत. “गाडी मोडीत काढा म्हनला तुमी, मी काढली. मग हळूहळू समदंच काढलं. घर, गाव, नाव. फोटूबी काढून ठिवला, तुमी म्हनायच्या आधी. तेवढा एक बंब ठिवला, तर तुमाला त्याचाबी राग.” तिनं पिशवीचे बंद सरळ केले. “त्यांची आठवण म्हनून ठिवला, खोटं कशाला बोलू. पन रोज पैली बादली कुणाची असती हो? अकरा वर्सं झाली. त्यांनी केलेल्या बंबातलं पैलं पानी मी तुमाला देते. मी दुसरं घेते. आन् तुमी गार वतत न्हाय, म्हनून तुमच्या मागनं मी वतते. हिशेब करता ना लोकांच्या गाड्यांचा, ह्याचा करा कधीतरी.” 

मला तिचा हात धरावा असं वाटलं, पण मध्ये पिशवी होती आणि मला तेवढीही हिंमत झाली नाही. मत्सर गेला असं म्हणायची माझी तयारी नाही. आत आर्गॉनचा निळा-पांढरा उजेड शेडच्या पत्र्यावर नाचायला लागला आणि तेव्हाही माझ्या मनात आलंच, की ह्या असल्या उजेडात तो कसा दिसत असेल, आणि ती कधी डबा घेऊन गेली असेल का, आणि त्याला दुरून बघत थांबली असेल का. विचारलं मात्र नाही. “सोनलपाशी हसलीस,” मी म्हणालो. ती एकदम माझ्याकडं वळली. “मग? हसू न्हाय येनार? ‘वालचंदनगरला’ म्हनं! डोळं मिटून मांजर दूध पितं तसं तोंड केलं व्हतं तुमी.” आणि ती पुन्हा हसली, माझ्यासमोर, बराच वेळ, पदर तोंडाला लावून, आणि शेवटी शेवटी तिचे डोळे भरून आले.

तासाभरानं आप्पांनी हाक मारली. बंब उभा केला होता, पाणी भरून ठेवला होता. बुडाशी त्यांचा नवा सांधा होता, जाड, थोडा वाकडातिकडा. दीपकच्या सांध्याजवळ तो ओबडधोबड दिसत होता आणि आप्पांनाही ते कळत होतं. “आता हात थरथरतोय,” ते प्रियदर्शनीला म्हणाले. तिनं वाकून पेरांनी दोनदा वाजवलं. बद्द, बद्द. बुडाच्या वर, पुढच्या अंगाला, हातभर रुंद तो निळा पट्टा तसाच होता. उन्हात जांभळा मारत होता. घरी मागचं दार उघडल्या उघडल्या पहिल्यांदा तोच दिसणार होता, रोज, तीस वर्षं. आप्पांनी फळीवरून एक प्लॅस्टिकची बाटली काढली. माझ्याकडं न बघता तिला म्हणाले, “ह्ये निळं घालवू का, ताई? ह्यो लेप लावला का धा मिन्टात पांढरं हुतंय. काय झालतं, कुणाला कळायचं बी न्हाय.” मी मनात म्हटलं, लावा. लवकर लावा.

प्रियदर्शनीनं पदराच्या टोकानं त्या निळ्यावरची राख पुसली.

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “तेवढं ह्यांचं हाय.”

आप्पांनी बाटली परत फळीवर ठेवली, तोटी सोडून पाणी काढून टाकलं, आणि आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून बंब गाडीकडं नेला.